हुबळीकडे कललेलं झाड

हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापुरात तीस बाय चाळीसच्या साइटवर घर उभं राहिलं की फाटकावर नाव लागतं आणि फाटकाशेजारी ख्रिसमस ट्री. नर्सरीत ते कमरेएवढं असतं. मधोमध सरळ दांडा, मजल्यामजल्यानं फांद्या, अगदी कवायतीला उभं केल्यासारखं. हे पुढे किती वाढणार, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि नर्सरीवाला सांगत नाही.

नर्सरीच्या भाषेत हा अरोकेरिया. माहेर प्रशांत महासागरात, नॉरफोक बेट किंवा न्यू कॅलेडोनिया. तिकडे तो 50 मीटरच्या पुढे जातो. 1774 साली कॅप्टन कुकनं ही झाडं पाहिली, तेव्हा त्याला त्यांत जहाजांच्या डोलकाठ्या दिसल्या. (पुढे नॉरफोकचं लाकूड त्या कामाला ठिसूळ निघालं, तो भाग वेगळा.) डोलकाठीच्या मापाची ती वस्तू आता पाण्याची टाकी, डिश अँटेना आणि हेस्कॉमची विजेची तार यांच्यामधून वाट काढत असते.

त्यात आपल्याकडे नॉरफोक म्हणून विकलं जाणारं झाड बहुधा न्यू कॅलेडोनियाचं कुक पाइन निघतं, आणि त्याची खोड न्यारीच. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतली 256 झाडं मोजली. उत्तर गोलार्धातली दक्षिणेकडे कललेली, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे. कल सरासरी साडेआठ अंश, म्हणजे पिसाच्या मनोऱ्याच्या दुप्पट. रायापुरात दक्षिणेकडे म्हणजे साधारण हुबळीकडे. धारवाडात जन्म गेलेल्या, पेढा आणि पाऊस दोन्ही फक्त धारवाडचेच खरे मानणाऱ्या एका काकांना आपल्या दारच्या झाडाच्या उंचीपेक्षा हेच जास्त लागलं.

त्यांनी माळ्याला बोलावलं. माळ्यानं वर पाहिलं, कोयता खाली ठेवला आणि म्हणाला, "ब्याडरी साहेबर, तली कडीब्याडरी." झाडाचं डोकं उडवू नका, एवढीच त्याची विनंती. काकूंचंही मत तेच होतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शेंडा उडाला. या जातीत शेंडा म्हणजे घरचा कर्ता. तो गेला की खालून दोन-तीन वारस एकदम उठतात आणि प्रत्येकाला सरळ वरच जायचं असतं. वर्षा-दोन वर्षांत काकांच्या दारात त्रिशूळ उभा राहिला. येणारे-जाणारे विचारू लागले, "देवाचं आहे काय हो?"

शेजारच्या मोरपंखीची तऱ्हा उलटी. जिची पानं मुलं विद्या म्हणून पुस्तकात ठेवतात, तीच ही. तिला दरवर्षी वरवर कातरलं तर ती मुकाट्यानं गोल राहते. पण पाच वर्षं विसरून मग एकदम आतल्या तपकिरी लाकडापर्यंत छाटलं, तर तिथं पुन्हा सहसा हिरवं फुटत नाही. बाहेरून झाड आणि आतून खराटा! सूचिपर्णींत बहुतेकांची हीच रीत. म्हणून कात्री लहानपणापासून, थोडी थोडी आणि हिरव्यातच चालवायची.

एवढं करायला कंटाळा येतो तो काही आपल्यालाच नाही. 1888 मध्ये वेल्समध्ये दोन सायप्रसांच्या संकरातून लेलँडी नावाचं झाड जन्मलं. कुंपणाला लावलेल्या त्या झाडांवरून इंग्रज शेजाऱ्यांत इतकी भांडणं झाली की दोन मीटरहून उंच सदाहरित कुंपणाची तक्रार ऐकायला 2005 पासून इंग्लंडात कायदाच लागू झाला. आपल्याकडे कायद्याचं तोंड दुसरीकडे आहे : कर्नाटकात 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं शहरातली बहुतेक झाडं तोडायला, ती तुमच्याच अंगणात असली तरी, आधी परवानगी मागावी लागते. म्हणजे लावायला कुणाला विचारायचं नाही, काढायला मात्र अर्ज.

ज्यांना अरोकेरिया आवडतो पण डोलकाठी नको, त्यांनी तो कुंडीतून बाहेरच काढू नये. कुंडीत मुळं अडली की उंचीही अडते. दोन-तीन वर्षांनी माती बदलताना मुळांची थोडी छाटणी केली की वर्षानुवर्षं दिवाणखान्याच्या मापात राहतो.

काकांनी छाटलेल्या ढिगातून समोरच्या काकूंनी एक आडवी फांदी उचलून कुंडीत खोचली. ती जगली. मात्र अरोकेरियाच्या बाजूच्या फांदीला आपण झाड आहोत हे कधीच पटत नाही. ती फांदीसारखी आडवीच वाढते. सध्या ती कुंडी गच्चीच्या कठड्यावर आहे, फांदी शेजाऱ्यांच्या हद्दीत दोन हात पुढे गेली आहे आणि तिकडून तिच्यावर टॉवेल वाळत घातले जातात.