स्निग्धराव

हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं आहे, पण हरियाणातल्या मानेसरच्या आम्हा मराठी मंडळींत ते 'स्निग्धराव'. गाव लातूरकडचं, करडईच्या पट्ट्यातलं. नोकरी आयएमटी या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात, क्वालिटीत. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मालावर लाल चिठ्ठ्या चिकटवल्या की माणूस जेवणाकडेही तसाच बघायला लागतो.

कॅन्टीनमध्ये ते समोर बसले की आपण डबा उघडायचा आणि निकालाची वाट पाहायची. भजं दिसलं की ते कागदावर ठेवतात, कागद उजेडात धरतात आणि "तेल कितव्यांदा तापवलंय रे?" असं थेट भज्यालाच विचारतात. त्यांचा खरा जीव तुटतो तो डाएटवाल्या पोरांचा कोरडा फुलका आणि उकडलेलं गाजर पाहून. "अरे, या गाजरातलं 'अ' जीवनसत्त्व अंगी लागायचं कसं? अ, ड, ई, के हे चौघं टँकरनेच प्रवास करतात. तेल नाही तर गाडी नाही." असं म्हणत, न विचारता, स्वतःच्या डब्यातली जवसाची चटणी समोरच्याच्या फुलक्यावर. जवसात ओमेगा-३ असतं आणि ते शरीराला घरच्या घरी बनवता येत नाही. स्निग्धरावांच्या भाषेत तो 'बॉट-आउट पार्ट', बाहेरूनच मागवायचा. करडईतलं ओमेगा-६सुद्धा त्याच यादीत. पण तेवढंच मागवत बसू नये, असं ते गावाकडची निष्ठा बाजूला ठेवून सांगतात. हे सांगताना आवाज जरा खाली येतो.

शरीर म्हणजे प्लँट, हा त्यांचा एकच सिद्धांत. पोटावरची चरबी म्हणजे स्टोअर. एका ग्रॅमला ९ कॅलरी. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनांना ४. म्हणून कमी जागेत जास्त माल. प्रत्येक पेशीच्या पडद्याचा पायाही स्निग्धच. कोलेस्टेरॉल हा कच्चा माल. पित्त, 'ड' जीवनसत्त्व, कितीतरी हार्मोन्स त्यातून तयार होतात आणि बराचसा यकृत स्वतःच पाडतं. तेलाच्या बाटलीवर 'कोलेस्टेरॉल-फ्री' वाचलं की ते खवळतात. वनस्पतीच्या तेलात ते नसतंच मुळी! "उद्या केळ्यावर लिहितील, काटेमुक्त!"

राष्ट्रीय मस्तिष्क अनुसंधान केंद्र मानेसरातच आहे. त्या बाजूने जाताना स्निग्धराव हात जोडतात. मेंदूतलं पाणी वगळलं तर उरतं त्यात निम्म्याहून जास्त स्निग्धच, हे कळल्यापासून त्या संस्थेला ते आपलं कुलदैवत मानतात.

जानेवारीत एकदा त्यांनी मला पहाटे गच्चीवर बोलावलं. धुकं असं की समोरची पाण्याची टाकी दिसेना. कठड्यावर औषधाच्या पाच बाटल्या ओळीने: तूप, खोबरेल, शेंगदाणा, सरसों, करडई. तूप आणि खोबरेल दगड. शेंगदाणा गढुळलेला. सरसों आणि करडई मात्र खळखळ. "बघ," कानटोपी सारत ते म्हणाले, "संपृक्त साखळी सरळ, एकीला एक खेटून बसते, म्हणून गोठते. असंपृक्त साखळीला बाक असतो. जनरल डब्यात कोपर काढून बसणारा असतो ना, तसा. शेजाऱ्याला चिकटू देत नाही."

"आणि वनस्पती तूप?"

त्यांचा चेहरा रिजेक्शनच्या टेबलावर असतो तसा झाला. "रीवर्क! पातळ तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेलं. त्या खटाटोपात काही साखळ्यांचा बाक सरळ होतो. ती ट्रान्स फॅट. दिसायला ओके, हृदयाला धोका. जानेवारी २०२२ पासून सरकारने टॉलरन्स २ टक्क्यांवर आणलाय. मी शून्य ठेवला असता."

एवढ्यात घरमालकीण ताई जिना चढून आल्या. सत्तरीच्या, घुंघटातल्या, हातात बाजरीच्या खिचडीची थाळी. मानेसरात पाहुण्याच्या खिचडीत तूप किती, यावर घराची अब्रू ठरते. स्निग्धरावांनी आदल्या रात्रीच मला बजावलं होतं: तूप संपृक्त, दिवसाला दोन छोटे चमचे, चमच्याला ५ ग्रॅम, पंचेचाळीस कॅलरी, पुढे नाही म्हणायचं.

"बस, बस, ताईजी," ते म्हणाले. पण थाळी मागे घेतली नाही.

"घी तै के डर, बेटा?" म्हणत ताईंनी पळी उपडी केली. मग दुसरी. खिचडीच्या मधल्या खळग्यात पिवळं तळं साचलं, त्यावर धुक्यातला फिका सूर्य. स्निग्धरावांनी बोट बुडवून चाखलं. डोळे मिटले.

"आता ही नोंद कुठे करायची?" मी विचारलं.

"नोंद कसली?" डोळे न उघडता ते म्हणाले. "त्या पळीचं कॅलिब्रेशन झालेलं नाही. असल्या साधनाचं रीडिंग आपण धरत नाही." आणि थाळी त्यांनी पुन्हा पुढे केली.