बाणाची वायर

बॅलन्स्ड केबलवर बाण छापून ती लाखभर रुपयांना विकणाऱ्याला मानलं पाहिजे. अशा केबलला असतो एक्सएलआर नावाचा जोड: एका टोकाला पिना, दुसऱ्याला भोकं. सिग्नल पिनांच्या टोकातून बाहेर पडतो. उलटी लावू म्हटलं तरी लागत नाही. शिवाय आतला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो. त्याला बाण वाचायला सवड कुठली?

मैफलीतलं गाणं माइकपासून मिक्सरपर्यंत येतं ते पायांखाली तुडवलेल्या, चिकटपट्टीनं डकवलेल्या ५० मीटर साध्या तांब्याच्या वायरीतून. तरी सिग्नलचे ते काही मिलिव्होल्ट शाबूत राहतात, कारण एकमेकींना पिळा घातलेल्या दोन तारांवर बाहेरचा गोंगाट जवळपास सारखाच बसतो आणि पुढचं यंत्र दोन्हींमधला फरक तेवढा उचलतं. मग दिवाणखान्यातल्या शेवटच्या एका मीटरला म्हणे चांदी हवी!

एवढं करून घूंऽऽ आवाज आलाच, तर आणखी महाग केबल. ध्वनी अभियंते नील मन्सी यांनी १९९५ सालीच दाखवलं होतं की खोट बऱ्याचदा यंत्रात असते. केबलच्या संरक्षक जाळीची पहिली पिन थेट यंत्राच्या धातूच्या खोक्याला जोडायची, ती आतल्या सर्किट बोर्डाला जोडून ठेवलेली असते. पण ते बघायला स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि त्याला सोन्याचा मुलामा अजून कुणी दिलेला दिसत नाही.