आपल्याकडचे काका

सकाळी सातच्या सुमाराला संभाजीनगरच्या क्रांती चौकात चहाच्या टपरीवर या, काका भेटतील. डोक्याला माकडटोपी, हातात चहा आणि नजर शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर. शेजारी कुणी परगावचा उभा असला की काका त्याला न विचारता सांगतात, "चौथऱ्यासकट बावन्न फूट. 2022 ला बसवला." आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. तो म्हणाला "वा!" तर चहाचे पैसे काका देतात.

काकांना प्रवासाची हौस दांडगी. निघतात ते मात्र गाव बॅगेत भरून. आग्र्याला जाऊन आले तेव्हा म्हणाले, "आपला बीबी का मकबराच आहे. जरा मोठा आणि गर्दीचा." जयपूरचा किल्ला पाहून परतले तर तक्रार अशी की तिथं अंधारी नाही, मेंढा तोफ नाही, दौलताबाद बघितलेल्या माणसानं तिकडं जाऊन करायचं काय? काकू सगळीकडं सोबत असतात. त्या ताजमहाल बघतात, काका मकबरा बघतात, आणि दोघं एकाच गाडीनं परत येतात.

एकच गोष्ट अशी, की जिच्यापुढं काका हात टेकतात. समुद्र. तो आपल्याकडं नाही. मराठवाड्याला किनाराच नाही म्हटल्यावर तुलना कशाशी करणार? म्हणून काकूंनी समुद्राचं नाव काढलं की काकांचे गुडघे दुखत. कधी कोकणात फार दमट, कधी गोवा आपल्यासारख्यांचा नाही. शेवटी यंदा काकूंनी स्वतःच रांगेत उभं राहून देवगिरी एक्स्प्रेसची दोन तिकिटं आणली. रविवारी रात्री निघायचं, सोमवारी मुंबई बघायची, रात्रीच्या गाडीनं परत. एवढी छोटी सहल, की गुडघ्यांना दुखायला वेळच मिळू नये.

पुढची हकीकत मला दोन बाजूंनी कळली. काकांची टपरीवर, काकूंची आमच्या स्वयंपाकघरात. पटली मला दुसरी.

गेटवेसमोर काका कमरेवर हात ठेवून उभे राहिले. उंचीच्या भानगडीत ते पडले नाहीत, कारण गेटवे 85 फुटांच्या आसपास आहे आणि ते त्यांना पाटीवर दिसलं होतं. त्यांनी वय काढलं. "हा 1924 चा. आपला भडकल दरवाजा मलिक अंबरनं 1612 ला बांधला. आणि इथं एकच? आपलं बावन्न दरवाजांचं गाव!" (त्या बावन्नांतले किती उभे आहेत, हे काकांना विचारायचं नसतं.) शेजारी फोटो काढणारा पोरगा म्हणाला, "काका, फोटो काढू का?" तर काका त्याला म्हणाले, "संभाजीनगरला ये, दरवाजे दाखवतो."

मग घारापुरी. लाँचवाल्यानं सांगितलं, सोमवारी लेणी बंद. दुसरा कुणी हिरमुसला असता. काकांचा चेहरा खुलला. "बघ! आपल्याकडं वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. पाहुणा उपाशी जात नाही. आणि आपली लेणी जागतिक वारशात 1983 ला गेली. यांची 1987 ला. चार वर्षांनी ज्युनिअर!" लाँचवाला गुपचूप दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

काकूंनी मात्र तोवर बंदरात फेरी मारून आणणाऱ्या लाँचची दोन तिकिटं काढली होती. वर बसायचे जास्तीचे पैसेही दिले होते. लाँच धक्क्यापासून सुटली, डुलायला लागली, आणि काकांनी गजाला मिठी मारली. काकू सांगतात की लग्नानंतर पहिल्यांदाच ते इतका वेळ काही बोलले नाहीत. त्या स्वतः कडेला उभ्या राहिल्या, पदर वाऱ्यावर सोडला, ताजमहाल हॉटेल लहान होताना बघितलं, तोंडावर खारे तुषार घेतले. आग्र्याचा ताज नवऱ्याच्या बोलण्यात वाहून गेला होता. हा दुसरा ताज त्यांना अखंड बघायला मिळाला.

लाँच वळली तसा काकांना कंठ फुटला. "काय उपयोग? एवढं पाणी डोळ्यांसमोर, पण घोटभर पिता येत नाही!"

"मग अगदी आपल्याकडच्यासारखंच की," काकू म्हणाल्या. "पैठणचा नाथसागर भरलेला आणि नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?"

हा प्रसंग टपरीवरच्या हकिकतीत नव्हता.

परत आल्यावर काका काही दिवस मुंबईबद्दल बोलेनात. आम्हाला वाटलं, समुद्रानं माणूस गप्प केला. मग जालन्याचे साडू आले. काका-काकू त्यांना पैठणला घेऊन गेले. साडू धरणावर उभे राहून नाथसागराकडं बघत म्हणाले, "अहो, काय पाणी आहे! समुद्रच जणू!"

काका हसले. कीव आल्यासारखे हसले, असं काकू म्हणतात. "समुद्र? साडूभाऊ, तुम्ही बघितलाच नाही. लाटा कुठंयत? खारा वारा कुठंय? लाँच हालते तेव्हा पोटात गोळा येतो, तो कुठंय? आपल्याकडं गेटवेला या एकदा."

"आपल्याकडं?" काकू म्हणाल्या.

"मग?" काका म्हणाले. "मुंबई काय गुजरातेत आहे?"