मूळ कृतीस सादर वंदन

जुन्या चित्रपटाचा मान कसा राखावा, हे हॉलिवूडकडून शिकावे. 1940 साली अर्न्स्ट लुबिचने 'द शॉप अराउंड द कॉर्नर' काढला. बुडापेस्टमधले चामडी वस्तूंचे दुकान, दिवसभर कचाकचा भांडणारे दोन नोकर, आणि तेच दोघे एकमेकांना निनावी प्रेमपत्रे लिहिणारे. 1998 मध्ये नोरा एफ्रॉनने त्याचा 'यू हॅव गॉट मेल' केला. पत्रांच्या जागी ई-मेल. मूळ कृतीचे ऋण म्हणून नायिकेच्या पुस्तकांच्या दुकानाला त्याच चित्रपटाचे नाव दिले, छानशी पाटी लावली आणि शेवटाकडे ते दुकानच बंद पाडले. श्रद्धांजली म्हणतात ती हीच.

पडद्यामागची निष्ठा तर विचारू नका. नायिका झालेल्या मेग रायनला मॅनहॅटनमधल्या खऱ्याखुऱ्या बालपुस्तकांच्या दुकानात कामाला उभे केले. चित्रीकरणासाठी मात्र चीजचे दुकान घेतले. योग्यच! पुस्तकाच्या दुकानात कॅमेरा लावला आणि एखाद्याने खरोखरच पुस्तक मागितले तर?

चित्रपटातली नायिका अखेर आपले दुकान बुडवणाऱ्या, पुस्तकांच्या साखळी-दुकानदाराच्याच गळ्यात पडते. यापुढचे पाऊल आम्ही नम्रपणे सुचवतो: पुढच्या रिमेकमध्ये दुकान एखाद्या अ‍ॅपने बुडवावे आणि नायिकेचे लग्न थेट अ‍ॅपशीच लावावे. नायकाचे मानधन वाचेल.

नाहीतरी तसल्या साखळी दुकानांपैकी 'बॉर्डर्स'ला 2011 मध्ये कुलूप लागले. चित्रपटात ई-मेलमधून प्रेमिकांची गाठ घालून देणाऱ्या एओएल या इंटरनेट कंपनीनेही 2025 मध्ये आपली डायल-अप सेवा गुंडाळली. आता पाटी कोणाच्या नावाची लावायची, तेवढे दिग्दर्शकाने कळवावे.