त्या वरच्या कॉमाची भानगड

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणापाशी सरका, मोठ्यानं बोलायची सोय नाही. काल तुम्ही जिंतूरला गेलात अन् इकडं गुरुजींच्या ओट्यावर आजोबा-नातीची अशी जुंपली म्हणता!

निमित्त काय, तर पोरीचं इंग्रजीतलं प्रोजेक्ट. डॉक्टर कोटणीसांवर. १९३८ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले अन् १९४२ला तिकडंच वारले, ते का तुम्हाला सांगायचं! शांतारामबापूंचा तो पिक्चर आमच्या सासूबाईंना... जाऊ द्या. तर काय सांगत होते? हां, ते येनान! डॉक्टर राहिले ते गाव. पोरीनं लिहिलं वाय-ए-एन, मग वरती कॉमा, मग ए-एन. गुरुजींना वाटलं शाईचा डाग पडला! लाल पेननं खोडून वाय-ई-एन-ए-एन केलं. "आमच्या पुस्तकात हेच होतं," म्हणे.

पोरगी गप्प बसते होय? "आजोबा, १९७९पासून चीन स्वतःच इंग्रजीत पिनयिननं, म्हणजे त्यांच्याच रोमन स्पेलिंगच्या पद्धतीनं लिहितो. पेकिंगचं बीजिंग तसंच झालं. अन् तो कॉमा काढला तर कोणी या-नान वाचेल!"

गुरुजी कसले ऐकतात! "मग तिथलं मोठं विद्यापीठ अजून पेकिंग कसं लिहितं? विमानतळाचा कोड पी-ई-के कसा?"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. सूनबाई पोहे परतता परतता बाहेर आल्या, ते पोहे करपले ते वेगळंच... तर पोरीनं हळूच पहिलं पान उघडलं. "डॉक्टरांचं हे सोलापूर तुम्हीच तपासलंत ना? डॉक्टरांच्या वेळी इंग्रज एस-एच लावून शोलापूर लिहायचे. ते नाही खोडलंत!"

अहो, चेहरा बघायला हवा होता! चष्मा काढला, पुसला, परत लावला. वर आजी आतून म्हणतात कशा, "पूना राहिलं की हो!"

मला विचाराल तर पोरगीच बरोबर. जुन्या पुस्तकात येनान असेल तर असू द्या की, पण आजच्या नकाशावर तिथले लोक लिहितात तेच लिहावं. गोव्यातल्या बोरीला इंग्रजीत शेवटी एम लावतात, तसा उद्या आपल्या बोरीला कोणी लावला तर चालेल का तुम्हाला?

बरं, तुमच्या नातवालाही तेच प्रोजेक्ट आहे म्हणे. तेवढा वरचा कॉमा बघून घ्या बाई.