कार्पेट एरिया आणि कागदी पिशवी

जर्सी सिटी,
रविवार, २५ मे २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांस,


सगळ्यात आधी, आम्ही चौघं सुखरूप आहोत. बाबा, तुमच्या वाहिनीने लाल वर्तुळ काढून, मागे ढोल बडवून दाखवला तो नेवार्कचा विमानतळ. मी भाजी आणायला जाते तो नेवार्क अ‍ॅव्हेन्यू. रस्ता आमच्या जर्सी सिटीत, विमानतळ पलीकडच्या गावात. कल्याणला लोकल घसरली म्हणून मशीदबंदरच्या कल्याण स्ट्रीटवरच्या माणसाची कुणी चौकशी करत नाही. २८ एप्रिलला तिथली विमानं सांभाळणाऱ्या नियंत्रकांचं रडार दीडेक मिनिट बंद पडलं हे खरं, ९ मेला पुन्हा तसंच झालं हेही खरं. विमानं रखडली, लोकांचे हाल झाले. पण त्यापायी तोंडली मिळायची थांबली नाहीत. आणि फोन केलात तुमच्या सकाळी साडेदहाला, म्हणजे आमच्या रात्री एकला. निखिल दचकून उठला आणि अंधारातच त्याने विचारलं, ‘नेनेकाकू गेल्या का?’ त्या ठणठणीत आहेत आणि सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारावर अजून सही करत नाहीयेत, असं सांगितल्यावर कुठे त्याचा डोळा लागला.

तळघरात मशीनला कपडे लावून आले आहे. ते होईपर्यंत वेळ माझा, म्हणून लिहायला बसले.

पार्सल पोचलं. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, कुळथाचं पीठ, आमसुलं, सगळं नीट आहे. लोणच्याच्या बरणीचं झाकण थोडं पाझरलं, पण तेल भाजणीपर्यंत गेलं नाही. बाबा, फॉर्मवर मेतकुटासमोर ‘हर्बल पावडर’ लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं? कस्टमवाल्यांनी पुडा फोडून, बहुतेक हुंगून, परत चिकटपट्टी लावून पाठवलाय. भाताबरोबर खायचं पीठ, असं सरळ लिहिलं असतं तर कुणाच्या भुवया वर गेल्या नसत्या. 

आणि आई, सोबत घातलेल्या कापडी पिशव्या. ‘तिकडे लागतात ना गं,’ म्हणालीस. लागतात. पण त्यांचं इथे काय रामायण आहे ते ऐक.

४ मे २०२२ पासून न्यू जर्सीत प्लास्टिकच्या पिशव्या बंद आहेत. आपल्याकडेही २०१८ साली बंद झाल्या होत्या आणि तरी कोथिंबीर कशात घालून मिळते ते तुला ठाऊक आहे. इथे खरंच बंद झाल्या. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. किराणा दुकान अडीच हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठं असेल, तर त्याने कागदी पिशवीसुद्धा द्यायची नाही. त्याहून लहान असेल, तर कागदी चालते. म्हणजे तांदळाचं पोतं कडेवर घ्यायचं की पिशवीतून न्यायचं, हे दुकानाच्या क्षेत्रफळावर ठरतं! बाबा, बिल्डरने तुम्हाला कार्पेट आणि बिल्टअपमधला फरक समजावल्यापासून तुम्ही टेप घेऊन फिरता असं आई सांगत होती. इथे या, तुमच्या विद्येचं चीज होईल. मी आता कुठल्याही दुकानाच्या दारात उभी राहून नजरेनेच मापं घेते. अरुंद दुकान, हळद-कुंकवाचा वास, वर टांगलेल्या राख्या असल्या की हायसं वाटतं, कागदी मिळणार. दिव्यांचा लखलखाट आणि गाडे ढकलणारी माणसं दिसली की मी पर्समधून आपली पिशवी काढते. ती घरी राहिली असेल तर गल्ल्यापाशी नवी विकत घ्यायची. अशा विकत घेतलेल्या पिशव्यांची पिशवी, तिच्या पोटात आणखी पिशव्या, असं स्वयंपाकघराचं खालचं कपाट भरलंय. घरपोच सामान मागवलं तर प्रत्येक वेळी नव्याकोऱ्या जाड पिशव्या येतात, एकीत तर नुसती पुदिन्याची जुडी होती. प्लास्टिक वाचवायला निघालेल्या कायद्याने माझ्या घरात जेवढ्या पिशव्या आणल्या, तेवढ्या तुझ्या गादीखालीसुद्धा नसतील.

कायद्यात सवलतीही आहेत. कच्चे मासे किंवा मटण घेतलंत, तर त्यापुरती प्लास्टिकची पिशवी मिळते. पाळायला जिवंत मासा घेतलात, तरी मिळते. सुटी भाजी, औषधं, धोब्याचे कपडे यांनाही माफी आहे. आणि वर्तमानपत्राच्या पिशवीलाही. पहाटे दारात पडणारा पेपर पावसात भिजू नये म्हणून तो सुरळी करून प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, ती.

मशीन थांबलं असेल. आलेच.

आले. कुणीतरी आपले पायमोजे ड्रायरमध्ये विसरून गेलंय, ते वर ठेवून आले. काय सांगत होते? हं, पेपर. तर ज्याच्या पिशवीला सरकारने अभय दिलं, तो पेपरच गेला. आम्ही राहतो त्या चौकाचं नाव जर्नल स्क्वेअर, ते ‘जर्सी जर्नल’ नावाच्या पेपरवरून पडलं. १८६७ साली सुरू झालेला पेपर. कचेरी केव्हाच दुसऱ्या गावी हलली होती, चौकातल्या जुन्या इमारतीच्या माथ्यावर त्याच्या नावाची लाल अक्षरं तेवढी उरली. या १ फेब्रुवारीला शेवटचा अंक निघाला. पाठोपाठ राज्यातल्या सर्वांत मोठ्या ‘स्टार लेजर’नेही छापील अंक थांबवला. आता पेपर नाही, पण चौक आहे. सई विचारते, ‘जर्नल म्हणजे कुठली गं?’

तो पेपर काही आमचा लाडका नव्हता. नेवार्क अ‍ॅव्हेन्यूवर साडीचं दुकान चालवणाऱ्या कांताबेन सांगतात, १९८७ साली याच पेपरात एक पत्र छापून आलं होतं. खाली सही ‘डॉटबस्टर्स’. भारतीयांना जर्सी सिटीतून हाकलून लावू, अशी धमकी. बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून त्यांनी ते नाव घेतलं होतं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी नावाच्या तरुणाला टोळक्याने इतकं मारलं की तो गेला. कांताबेन तेव्हा नव्या सुनेसारख्या होत्या, दुकान बंद करून घरी निघताना कपाळ पुसायच्या. आज त्याच रस्त्यावर नवरात्रात मांडव घालून गरबा होतो आणि त्यांच्या काचेत सव्वा इंचाच्या टिकल्यांची पाकिटं टांगलेली असतात. बाबा, ही अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. यावरून रात्री एकला फोन नको.

मला सांगायचंय ते एवढंच, की पेपर वाईट बातमी छापायचा, तरी गावाची बातमी गावाला कळायची. आता आम्हाला बातम्या मिळतात त्या किराण्याच्या गल्ल्यावर. तिथला अतुलभाई सामान मोजता मोजता सगळं सांगतो. रेल्वेच्या मोटरमननी १६ तारखेला संप केला, तो तीन दिवसांत मिटेल हे त्याने आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. (आमची पाथ ट्रेन निराळी, ती चालू होती. जानेवारी २०२५ मध्ये भाडं मात्र तीन डॉलर झालं.) आंब्याची बातमीही त्याचीच. वाशीला विकिरण करून विमानाने निघालेल्या पंधरा खेपा, कागदपत्रांत काहीतरी राहिलं म्हणून इथल्या विमानतळांवर अडकल्या आणि नष्ट केल्या. मुंबईहून इथवर आलेला आंबा, परत न्यायचा खर्च परवडेना म्हणून मातीत! अतुलभाई हे सांगत असताना रांगेतल्या सगळ्यांनी एकदम ‘अरेरे’ केलं. मराठी, गुजराती, तेलुगू, एका सुरात. उरलेल्या पेट्यांवर त्याने भाव लावलाय पंचावन्न डॉलर. पेटी म्हणजे तुमच्या मनात येते ती पाच डझनांची नव्हे. एक डझनाची. मी एक फळ उचललं, देठाशी नाक नेऊन वास घेतला आणि ठेवून दिलं. अतुलभाई म्हणाला, ‘वास फुकट आहे, बेन.’

अंड्यांचं आता लिहिते. आई, हा परिच्छेद तू वाचलाच नाहीस असं मी समजते. बाबा, तुम्ही आणि ‘संध्याकाळची फेरी’ इथे असतात तर दिवाळं निघालं असतं. बर्ड फ्लू आला, एका कोंबडीला लागण झाली की अख्खा कळप मारावा लागतो, त्यामुळे मार्चमध्ये देशभरातली सरासरीच डझनाला ६ डॉलर २३ सेंटवर गेली. तुमच्या भाषेत एक अंडं चव्वेचाळीस रुपये. स्टेशनबाहेरच्या गाडीवर ज्या भावात तुम्हाला पावासकट आम्लेट मिळतं, त्यात इथे नुसतं कच्चं अंडं. आता भाव उतरलेत, पण निखिल अजून आम्लेट करताना टरफल निपटून घेतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी मॅनहॅटनची एक चिरोटी दिसायची, ते आठवतं का? तुम्ही आलात तेव्हा बाबा चहा घेऊन तिथेच उभे राहायचे. ती गेली. आता तिथे काच आहे आणि काचेत आमचीच इमारत दिसते. चौकात चौसष्ट मजल्यांचे दोन मनोरे उभे राहिलेत, ते कुशनर कंपनीचे. कंपनी ट्रम्पसाहेबांच्या व्याह्यांच्या घराण्याची, आणि खुद्द व्याही याच आठवड्यात फ्रान्समधले अमेरिकी राजदूत म्हणून मंजूर झाले. बाबा, हे कट्ट्यावर सांगायला हरकत नाही, बातमी पक्की आहे. मनोरे वाढले तशी भाडी वाढली. कोपऱ्यावरचा पोळपाट-लाटणी, कुकरच्या शिट्ट्या विकणारा एडिसनला निघून गेला. त्याच्या जागी आता बिनदुधाचं दूध विकतात. इमारत उठायची असली की सुनावणीची नोटीस पेपरात छापावी लागायची. तेव्हा पेपर होता, नोटीसही आली असेल, बारीक टाइपात. आम्ही वाचली नाही. पुढची कुठे छापतील आणि ती कोण वाचेल, कोण जाणे.

म्हणून बाबा, रागावू नका, पण मला नेनेकाकूंचं पटतं. त्या अडून बसल्यात म्हणून अख्खी सोसायटी खोळंबली, शिरीषकाका बोलेनासे झाले, सगळं कबूल. पण त्यांचं मागणं काय, तर तुळस कुठे ठेवायची ते करारात लिहून द्या. देऊन टाका ना लिहून! बिल्डर जिमखाना देतोय, पोडियम देतोय, एक कुंडीची जागा त्याला जड आहे का? सहीसाठी कुणी दारात येऊन बसतं, चहा पिऊन चार वेळा परत जातं, हे काय थोडं आहे? इथे आम्हाला कुणी विचारलंही नाही.

गालाशेठ किराण्याचं दुकान बंद करतायत, हे तू फोनवर मध्येच, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलंस. दहा मिनिटांत घरपोच आणून देणाऱ्या पोरांपुढे त्यांचा टिकाव लागला नसणार. मुलाला नाहीच बसायचं तिथे, तेही ठीक. पण आई, मी वाचायला शिकले ती त्यांच्या पुड्यांवर. जिऱ्याची पुडी सोडली की कागद सपाट करून मी ओट्याला टेकून वाचायचे. अर्धी बातमी, अर्ध्या माणसाचा फोटो, ‘आरोपीने कबुली’ इथे कागद फाटलेला. पुढचं मी मनाने रचायचे आणि तू ओरडायचीस की जिरं सांडतंय. तो दोऱ्याचा रीळ वरून टांगलेला असायचा आणि शेठ न बघता त्याला हिसडा द्यायचे. तुम्ही त्यांना पाठवणीला काही देणार असाल तर त्यात माझं नाव घाला. नारळ आणि शाल नको, ती त्यांना पुष्कळ मिळतील. मला काही सुचत नाहीये.

बरं, बाकीचं भराभर. सुषमामावशीला सांग, गुडघ्याला लावायचं ते मलम येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. मंगेशदादाने गाडी घेतली, अभिनंदन, पण ती फडके रोडला लावायला जागा मिळाली की मग दुसऱ्यांदा अभिनंदन करीन. सई आता मराठीत भांडते, म्हणजे शिकली म्हणायची. आर्यला तुमचा आवाज ऐकायचाय, पण फोन आला की तो पळतो.

आणि बाबा, एक काम. पार्सलच्या बरण्यांना गुंडाळलेले कागद मी इस्त्री फिरवून सरळ केले. या घरात सध्या येणारा छापील पेपर तेवढाच. लोणच्याच्या बरणीवर डोंबिवली स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांची बातमी आहे, आयुक्त येऊन पाहणी करून गेले इथवर. खाली लिहिलंय, ‘पान ५ वर’. आमसुलांच्या डब्यावर क्रीडा पान निघालं, मसाल्यावर छोट्या जाहिराती. पान ५ कशालाच नाही. रद्दी अजून गेली नसेल तर बघा, नाहीतर त्या आयुक्तांनी पुढे काय केलं ते फोनवर सांगा. संध्याकाळी करा, तेव्हा आमची सकाळ असते.

तुमची,
मीनल

ता. क. निखिल म्हणतो, नेनेकाकूंनी सही केली तर मात्र रात्री एकलाही चालेल.