रेडिएटरचा पाणीप्रश्न

हरसूलच्या रस्त्याला उन्हाळ्यात जीप तापली की चालक बॉनेट उघडतो आणि आधी प्रवाशांच्या बाटल्यांकडे बघतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यात पाऊस धो धो, तरी एप्रिल-मे आला की पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन विहिरीचा तळ गाठतात. इंजिनाचे नखरे वेगळे, त्याला डिस्टिल्ड पाणीच लागतं. विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांची म्हणे आत खपली धरते. माणसाच्या पोटाची अशी तक्रार कुणी नोंदवून घेत नाही.

मग कूलंट. निम्मं पाणी, निम्मं इथिलीन ग्लायकॉल. हे मिश्रण उणे ३५ अंशांतही गोठत नाही; हरसूलकरांची केवढी चिंता मिटली! इथे खरा उपयोग गंज रोखण्याचा आणि उकळबिंदू वाढवण्याचा. “महागाचं आहे, नुसतंच ओता,” म्हणणारे दानशूरही भेटतात. निव्वळ ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, हे त्यांच्या औदार्यात बसत नाही. तयार मिश्रणाच्या डब्यात पुन्हा पाणी घालणारे तर दूधवाल्याचे सख्खे भाऊ.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं, हे जीपमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणूनच सगळे चार पावलं मागे सरकून चालकाला म्हणतात, “उघड की रे, बघतोस काय!”